चालते जपानी रेस्टॉरंट विकताना: काउंटरवरचा हात आणि खरेदीदाराचे गणित

तुम्ही लिहिले आहे की 38 आसनांचे जपानी रेस्टॉरंट तुम्ही 11 वर्षे चालवले आहे. त्यातील 10 आसने सुशी काउंटरची असून आठवड्यातील सहा रात्री तुम्ही स्वतः तेथे उभे असता. ग्राहकांची व्यवस्था आणि गल्ला पत्नी सांभाळतात, सात वर्षांपासून एक सहायक शेफ सोबत आहे आणि भाडेकराराची दोन वर्षे उरली आहेत. मनगट आता साथ देत नाही, म्हणून तीन महिन्यांत बाहेर पडायचे आहे. एका परिचिताने वर्षभराच्या विक्रीइतकी किंमत मागा असे सुचवले आहे. किंमत काय मागावी, कोणाला सांगावे आणि किती वेळ लागेल, हे तुमचे तीन प्रश्न आहेत.

गेली अनेक वर्षे मी खाद्यव्यवसायांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थ म्हणून काम करतो आणि त्यांत जपानी रेस्टॉरंटांचे व्यवहारही बरेच हाताळले आहेत. त्या आधारावर आधी थोडक्यात सांगतो. तुमचा धंदा विकला जाईल. मात्र आज तो विकायला काढला तर खरेदीदार तुमची भांडी, शीतपेट्या आणि दोन वर्षांचा भाडेकरार एवढ्याचेच पैसे देईल. उरलेले मूल्य, म्हणजे ज्यासाठी ग्राहक अकरा वर्षे येत आहेत ते, तुमच्या हातात आहे, आणि हात विकता येत नाही. ते हातातून कागदावर आणि दुसऱ्या हातात उतरवून व्यवहार पूर्ण करण्यास साधारण दहा ते तेरा महिने लागतात. मनगटाचे दुखणे गंभीर असेल तर प्रकृतीला प्राधान्य द्यावे, यात शंका नाही. पण मग तीन महिन्यांत विकण्याची किंमत कमी असेल, हे मनाशी स्वीकारूनच पुढे जावे.

विकण्याच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. जपानमध्ये व्यवसाय बंद करताना आतल्या मालसामानासह जागा पुढच्या माणसाच्या हाती देण्याच्या पद्धतीला इनुकी म्हणतात. त्यात धंदा विकला जात नाही. धूर बाहेर नेणारी यंत्रणा, काउंटर, नळजोडणी आणि फ्रीज यांचे पैसे मिळतात, आणि येणारा माणूस तेथे नूडल्सचे दुकान काढो वा अन्य काही, त्याच्याशी आपला संबंध उरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे चालता धंदा विकणे, ज्यात उद्याची कमाई विकली जाते. जपानी रेस्टॉरंटच्या दारावर टांगलेल्या कापडी पडद्याला नोरेन म्हणतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. जपानी हिशेबशास्त्रात व्यवसायाच्या नावलौकिकाचे मूल्य, ज्याला आपण गुडविल म्हणतो, त्यालाही नोरेन हाच शब्द आहे. तिकडच्या लेखानियमांनुसार खरेदी केलेले हे मूल्य जास्तीत जास्त 20 वर्षांत टप्प्याटप्प्याने खर्ची टाकावे लागते, म्हणजे विकत घेतलेला लौकिक झिजतो हे त्या पद्धतीत गृहीतच धरले आहे. तुमचा खरेदीदारही मनातल्या मनात हाच हिशेब करत असतो: मालक गेल्यावर हा लौकिक किती महिने टिकेल?

आता किंमत. वर्षाच्या विक्रीइतकी रक्कम मागण्याचा सल्ला कृपया बाजूला ठेवा. विक्री मोठी असूनही हाती काहीच न राहणारी रेस्टॉरंटे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि खरेदीदाराचा लेखापाल पहिल्याच बैठकीत विक्रीच्या आकड्यावरून नजर काढून शेवटच्या ओळीकडे नेतो. एका जागेच्या, मालकाने स्वतः चालवलेल्या धंद्याची किंमत मालकाच्या हाती प्रत्यक्ष राहणाऱ्या वार्षिक रकमेवरून ठरते. निव्वळ नफ्यात मालकाने घेतलेले वेतन, व्याज, घसारा, धंद्यातून केलेले खासगी खर्च आणि पुन्हा न होणारे खर्च मिळवून ती काढतात. मी हाताळलेले बहुतेक व्यवहार या रकमेच्या दीड ते अडीच पटींच्या दरम्यान झाले. भाडेकरार लांब, हिशेब स्वच्छ आणि मालकावरचे अवलंबन कमी असेल तर वरच्या टोकाला, अन्यथा खालच्या.

तुमच्या बाबतीत एक पायरी अधिक आहे आणि नेमकी तीच बहुतेक मालक विसरतात. समजा वर्षाची विक्री 100 आहे. मासळी, किराणा आणि पेये यांवर 33, इतरांच्या पगारावर 27, भाड्यावर 9 आणि वीज, दुरुस्ती, विमा, घरपोच सेवांचे कमिशन वगैरेंवर 15 जातात. हाती 16 राहतात. तुम्ही दोघेही वेतन घेत नसल्याने वहीत हे 16 नफा म्हणून दिसतात, आणि दोन पटीने तुम्ही 32 ची अपेक्षा धरता. खरेदीदार मात्र एकटा येणार आहे. तो फार तर तुमच्या पत्नीची जागा घेईल. काउंटरवर उभा राहणारा अनुभवी कारागीर, ज्याला इतामाए म्हणतात, त्याला नेमावाच लागेल, आणि त्याचे वेतन 6 धरले तर उरतात 10. त्याची दुप्पट 20 होते. म्हणजे तुमच्या मनातल्या किमतीतला तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग बोलणी सुरू होण्याआधीच वजा झालेला असतो. मालक-शेफचे श्रम हा नफा नसतो, ती न घेतलेली मजुरी असते, आणि खरेदीदार ती मजुरी कोणाला तरी देणारच आहे. हे आधी स्वतः मांडून मग किंमत सांगितली तर समोरचा तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवतो.

वहीबाहेरच्या रोख विक्रीविषयी एकदाच सांगतो. जी विक्री कर भरताना दाखवली नाही, तिच्यासाठी खरेदीदाराकडून पैसे मागू नयेत. ती सिद्ध करता येत नाही, आणि सिद्ध करायला गेलात तर स्वतःच्याच विरुद्ध पुरावा द्याल. विक्रीपूर्वीची किमान दोन, शक्य तर तीन वर्षे सगळी विक्री बिलयंत्रातून, बँकेतून आणि करविवरणपत्रातून एकसारखी दिसली पाहिजे.

आता काउंटरकडे येतो, कारण जपानी रेस्टॉरंटची विक्री इतर उपाहारगृहांपेक्षा वेगळी होते ती इथे. जपानच्या कृषी, वनीकरण व मत्स्य मंत्रालयाच्या मोजणीनुसार जपानबाहेर 2006 मध्ये सुमारे 24 हजार जपानी रेस्टॉरंटे होती. 2013 मध्ये, ज्या वर्षी वाशोकु ही जपानी भोजनपरंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, ती संख्या सुमारे 55 हजार झाली आणि 2023 मध्ये सुमारे 1 लाख 87 हजार. मासळी कापण्यात वर्षानुवर्षे घालवलेले कारागीर त्या वेगाने तयार होत नाहीत. याचा अर्थ तुमचा खरेदीदार बहुधा सुशी बनवणारा नसेल. तो दुसरे रेस्टॉरंट चालवणारा, नोकरीतून बाहेर पडून धंद्यात उतरणारा किंवा दोन-तीन शाखा असलेला व्यावसायिक असेल. त्याला चव ओळखता येते, पण ती घडवता येत नाही. म्हणून ती कशी घडते याची लेखी पद्धत हातात पडल्याशिवाय तो पूर्ण पैसे देत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

एका व्यवहारात मालकाने अठरा वर्षे दाशी, म्हणजे सूपचा मूळ रस, आणि ‘तारे’ नावाचे सर्व सॉस स्वतः बनवले होते. खरेदीदाराने पाककृती मागितल्या तेव्हा त्यांनी अगदी प्रामाणिकपणे सांगितले की त्या नाहीत, हाताला कळते. करार तेथेच थांबला. मग आम्ही एक साधा उपाय केला. स्वयंपाकघरात वजनकाटा आणि तापमापक ठेवला आणि त्यांना सांगितले की तुम्ही नेहमीसारखेच काम करा, फक्त प्रत्येक वस्तू भांड्यात जाण्याआधी काट्यावरून जाऊ द्या. सहायक वही घेऊन शेजारी उभा राहिला. पहिल्या दिवशी एक लिटर पाण्याला 10 ग्रॅम कोम्बू (वाळवलेले समुद्रशैवाल) पडला, दुसऱ्या दिवशी 14, तिसऱ्या दिवशी पुन्हा 10. ते स्वतःच चकित झाले. मग लक्षात आले की दुसऱ्या दिवशीचा कोम्बू वेगळ्या पुडक्यातला आणि पातळ होता, आणि त्यांचा हात नकळत ते भरून काढत होता. ही नोंद पाककृतीइतकीच मोलाची ठरली. पाणी 60 अंशांच्या आसपास तासभर ठेवायचे, कोम्बू काढून उष्णता वाढवायची, मग कात्सुओबुशी (वाळवलेल्या माशाचे पापुद्रे) घालून ढवळाढवळ न करता गाळायचे, हे कोणत्याही पुस्तकात मिळते. पातळ कोम्बू आला तर काय करायचे, हे त्या माणसाखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. तीन आठवड्यांत 41 पाने भरली. खरेदीदार परत आला तेव्हा त्या वहीवरून सहायकाने बनवलेली दाशी आणि मालकाची दाशी शेजारी शेजारी ठेवली. त्याला फरक सांगता आला नाही. करार झाला.

तुम्हीही हेच करा, आणि भातापासून सुरुवात करा. तांदळाचा प्रकार, किती वेळा धुतला, किती वेळ निथळला, पाण्याचे प्रमाण, नव्या आणि जुन्या पिकाच्या तांदळासाठी त्यात होणारा बदल, व्हिनेगर-साखर-मीठ यांचे वजन, आणि तो भात, म्हणजे शारी, किती वेळात वापरून संपवायची. शारीला दुहेरी महत्त्व आहे. ती खोलीच्या तापमानाला ठेवली जाते, म्हणून अनेक ठिकाणचे अन्नसुरक्षा अधिकारी तिची आम्लता मोजून पीएच 4.6 च्या खाली, काही ठिकाणी त्याहूनही खाली, असल्याची रोजची नोंद मागतात. ज्याच्याकडे वर्षभराची अशी नोंदवही आहे, त्याची चवही कागदावर आलेली असते आणि परवान्याची बाजूही.

त्यानंतर मासळीचा उतारा. सहा किलोची साल्मन आली तर डोके, हाडे, कातडी आणि कडा गेल्यावर काउंटरवर जाण्याजोगे मांस निम्म्याहून थोडेच जास्त निघते, आणि ते नेमके किती निघते हे कापणाऱ्या हातावर ठरते. तुमचा उतारा 58 टक्के आणि नव्या माणसाचा 50 टक्के असेल तर त्याच मासळीची किलोमागची खरी किंमत जवळपास सहाव्या हिश्श्याने वाढते. तुमच्या वहीतला नफा पाहून धंदा घेणाऱ्याला हा फरक सहाव्या महिन्यात कळला तर तो तुमच्याकडे बोट दाखवील. म्हणून प्रत्येक मुख्य मासळीचा उतारा तीन महिने वजन करून लिहा. कडा आणि उरलेले तुकडे कोणत्या पदार्थात जातात तेही लिहा, कारण रोल, चिराशी (भातावर पसरलेली मासळी) आणि सूप यांची रचना बहुतेक वेळा त्यासाठीच केलेली असते आणि नवा मालक मेन्यू आटोपशीर करण्याच्या उत्साहात नेमके तेच पदार्थ काढून टाकतो.

कागदावर उतरवणे हा अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा म्हणजे काउंटरवरून स्वतः मागे सरकणे. पहिल्या दोन महिन्यांत आठवड्यातील एक रात्र, मग दोन, मग चार रात्री तुमच्या सहायकाकडे द्या. ओमाकासे, म्हणजे ज्यात ग्राहक निवड शेफवर सोपवतो ते भोजन, त्याच्या नावाने सुरू करा आणि नियमित ग्राहकांची ओळख त्याच्याशी स्वतः करून द्या. सुरुवातीला विक्री थोडी खाली येईल. घाबरून परत काउंटरवर जाऊ नका. सहा महिन्यांनी ज्या रात्री तुम्ही नसता त्या रात्रींची विक्री तुमच्या रात्रींच्या नव्वद टक्क्यांच्या पुढे गेली असेल तर तो आकडा छापून खरेदीदारासमोर ठेवा. माझ्या अनुभवात किमतीची पट वर नेणारा याहून प्रभावी कागद नाही. तुमच्या मनगटालाही यातून विश्रांती मिळेल, म्हणून तीन महिन्यांच्या घाईपेक्षा हा मार्ग मला तुमच्यासाठी दुहेरी हिताचा वाटतो.

कच्च्या मासळीच्या कागदपत्रांत काटेकोर राहावे. परजीवी मारण्यासाठी गोठवण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकी अन्नसंहितेत उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस, किंवा उणे 35 अंशांवर घट्ट गोठल्यावर त्याच तापमानाला 15 तास, असे पर्याय आहेत. युरोपीय महासंघात उणे 20 अंशांना किमान 24 तास किंवा उणे 35 अंशांना किमान 15 तास. ट्यूनाच्या काही जाती आणि विशिष्ट अटींवर पाळलेली मासळी यांना सूट मिळते, पण सूट लागू असल्याचा कागद जवळ असावा लागतो. पुरवठादाराची पत्रे, शीतपेट्यांच्या तापमानाच्या नोंदी आणि तपासणी अहवाल एका फाइलमध्ये तारखेनुसार लावा. ट्यूनाचा रंग टिकवण्यासाठी उणे 60 अंशांची शीतपेटी असेल तर तिच्या दुरुस्तीचा इतिहासही जोडा. ती यंत्रे महाग असतात आणि खरेदीदार त्यांबद्दल हमखास विचारतो. मासळीवाल्याशी असलेला संबंध मात्र फाइलमध्ये मावत नाही. चांगला माल आधी कोणाला दाखवायचा हे तो ठरवतो, आणि तुमची उधारी तुमच्या शब्दावर आहे. नव्या मालकाला सोबत घेऊन पहाटेच्या खरेदीला किमान चार-पाच वेळा जाण्याची तयारी करारातच लिहून द्या.

भाडेकराराकडे मी सर्वांत आधी वळलो असतो, पण मूल्य कुठे आहे हे सांगितल्याशिवाय ते कशावर उभे आहे हे सांगणे अवघड होते. दोन वर्षे उरलेल्या करारावर कोणीही दहा वर्षांची कमाई मोजून पैसे देत नाही, आणि बँक तर कर्जफेडीच्या मुदतीइतका करार मागते. म्हणून विक्रीची वाच्यता करण्याआधी जागामालकाकडे मुदतवाढीचा विषय काढा. पाच वर्षे आणि त्यापुढे आणखी पाच वर्षांचा पर्याय मिळाला तर उत्तम. त्याच वेळी करारातील तीन कलमे वकिलाकडून वाचून घ्या. पहिले, करार दुसऱ्याच्या नावे करण्यास मालकाची संमती कोणत्या अटींवर मिळते. दुसरे, तुम्ही दिलेली वैयक्तिक हमी विक्रीनंतर संपते की नव्या माणसाने भाडे थकवले तर जागामालक तुमच्या दारात येऊ शकतो. तिसरे, जागा सोडताना ती मूळ उघड्या भिंतींच्या स्थितीत परत करण्याचे बंधन आहे का. दुसऱ्या कलमाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे धंदा विकून दोन वर्षे झालेल्या एका गृहस्थाला दुसऱ्याच्या भाड्याचे सात हप्ते भरावे लागल्याचे मी पाहिले आहे. त्यांनी करार न वाचता सही केली नव्हती. वाचला होता, पण विक्रीबरोबर हमी आपोआप संपते असे धरून चालले होते.

यंत्रसामग्रीत कोळशावर भाजणे हा विषय तेवढा तपासा. बिन्चोतान कोळशाच्या शेगडीसाठी धूर नेण्याची आणि आगप्रतिबंधाची व्यवस्था गॅसच्या शेगडीपेक्षा वेगळी लागते, आणि जुन्या मालकाला चालवून घेतलेली सोय नव्या परवान्याच्या वेळी अधिकारी चालवून घेतीलच असे नाही. डुकराची हाडे बारा-बारा तास उकळणारे रामेनचे (नूडल्सच्या सूपचे) पातेले असेल तर शेजाऱ्यांच्या वासाच्या तक्रारी आणि चरबी अडवणाऱ्या टाकीची सफाई यांच्या नोंदी दाखवाव्या लागतात. भाड्याने किंवा हप्त्याने घेतलेली यंत्रे, ज्यांवर कोणाचा तरी बोजा आहे, त्यांची यादी वेगळी करा. मद्यपरवाना बहुतेक ठिकाणी माणसाबरोबर किंवा संस्थेबरोबर बांधलेला असतो, तो आपोआप हस्तांतरित होत नाही आणि त्याला महिने लागू शकतात. साकेची विक्री तुमच्या नफ्याचा मोठा भाग असेल तर परवाना हाती येईपर्यंत ताबा न देण्याची अट दोन्ही बाजूंच्या हिताची आहे. विकलेली पण न वापरलेली भेटकार्डे आणि पुढच्या मेजवान्यांसाठी घेतलेल्या आगाऊ रकमा ही देणी आहेत. ती किमतीतून वजा होतील.

खरेदीदार कोठून शोधावा, याचे माझे पहिले उत्तर तुम्हाला अनपेक्षित वाटेल: तुमचा सहायक. जपानी परंपरेत दीर्घकाळ सेवा केलेल्या शिष्याला मालक आपल्याच नावाने वेगळे दुकान थाटू देतो, त्याला नोरेनवाके म्हणतात, म्हणजे पडद्याचा वाटा देणे. सात वर्षे तुमच्या शेजारी उभा असलेल्या माणसाला धंद्याची माहिती देण्याची गरज नाही, त्याच्या हातात चव आहे आणि ग्राहक त्याला ओळखतात. त्याच्याकडे पैसे नसतात, हीच काय ती अडचण. पण एकूण किमतीपैकी काही भाग रोख आणि उरलेला चार-पाच वर्षांच्या हप्त्यांनी, यंत्रसामग्री तारण ठेवून, अशी रचना शक्य आहे. बाहेरच्या खरेदीदारालाही तुम्ही काही रक्कम हप्त्याने सोडणारच आहात. मग ज्याच्या कामाची सात वर्षांची माहिती तुमच्याकडे आहे त्याला सोडणे कमी धोक्याचे नाही का? तरीही हप्ते थकले तर धंद्याचा ताबा परत घेण्याचा हक्क लेखी ठेवा. जिव्हाळा आणि कागद यांचे भांडण नसते.

तो तयार नसेल तरी त्याला अंधारात ठेवू नका. गुप्तता राखावी हा सर्वसाधारण सल्ला योग्यच आहे. बातमी फुटली की कर्मचारी दुसरी नोकरी शोधू लागतात आणि पुरवठादार रोखीने पैसे मागू लागतात. म्हणून जाहिरातीत नाव देऊ नये, आणि आकडे दाखवण्यापूर्वी प्रत्येक इच्छुकाकडून गोपनीयतेचे हमीपत्र घ्यावे. पण मुख्य सहायकाला करारावर सही झाल्यानंतर कळवणे मला चुकीचे वाटते. सगळे मूल्य ज्याच्या हातावर टिकणार आहे, तो त्याच आठवड्यात निघून गेला तर व्यवहार कोसळतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही दुखावल्यासारखे वाटले असते. खरेदीदाराचा प्रस्ताव लेखी आला की त्याच दिवशी त्याला बसवून सांगा, आणि विक्रीनंतर सहा महिने व बारा महिने थांबल्यास त्याला ठरावीक रक्कम मिळेल अशी तरतूद तुमच्या वाट्यातून करा. तो किंवा अन्य कोणी परदेशी कर्मचारी कामाच्या व्हिसावर असेल तर मालक बदलल्याने त्या परवानगीवर काय परिणाम होतो हे सल्लागाराकडून आधीच तपासून घ्या. काही ठिकाणी ती विशिष्ट मालकाशी बांधलेली असते.

कराराच्या रचनेत तुमच्यासाठी दोन पर्याय येतील: संस्था विकणे किंवा फक्त मालमत्ता, नाव आणि करार विकणे. खरेदीदाराला बहुधा दुसरा हवा असतो, कारण जुनी देणी त्याच्याकडे येत नाहीत. करांच्या दृष्टीने तुम्हाला पहिला सोयीचा असू शकतो. हा निर्णय किमतीच्या चर्चेनंतर ठेवू नका, कारण त्याच किमतीत हाती पडणारी रक्कम बरीच बदलते. किमतीचा काही भाग पुढच्या विक्रीवर अवलंबून ठेवण्याचा प्रस्ताव आला तर मी सावध राहण्यास सांगेन. मेन्यू, भाव आणि माणसे नवा मालक बदलणार आणि त्याचा परिणाम तुमच्या पैशांवर होणार, हे न्याय्य नाही. त्यापेक्षा किमतीचा दहावा हिस्सा सहा महिने तिसऱ्या व्यक्तीकडे राखून ठेवणे मान्य करा. त्याच परिसरात स्पर्धक व्यवसाय न काढण्याची अट येईलच. तिच्यातील अंतर आणि वर्षे मोजून घ्या, आणि इतरांना शिकवण्याचा व सल्ला देण्याचा तुमचा हक्क वगळून ठेवा. मनगट थकले तरी अकरा वर्षांचे ज्ञान थकलेले नाही.

वेळेचे गणित असे मांडता येईल. भाडेकरार आणि वहीचे काम आजपासून, काउंटरवरून सरकणे पुढच्या महिन्यापासून, सहा-सात महिन्यांनी बाजारात, त्यानंतर खरेदीदार मिळणे, तपासणी, कर्ज, परवाने आणि जागामालकाची संमती यांसाठी आणखी चार ते सहा महिने. ताबा दिल्यावर चार ते आठ आठवडे शिकवण्याचे, ज्यांचे तास करारात लिहिलेले असावेत.

ताब्याच्या आदल्या रात्री साठ्याची मोजदाद होते, तिच्याविषयी सांगून थांबतो, कारण महिनोन्महिने जमलेला विश्वास मी तेथे बिघडताना पाहिला आहे. शेवटचे ग्राहक गेल्यावर दोन्ही बाजूंची माणसे एकच यादी हातात घेऊन फिरतात. नोरी (समुद्रशैवालाचे वाळवलेले पातळ तुकडे), तांदूळ, व्हिनेगर, गोठवलेली मासळी खरेदीभावाने मोजली जाते. ताजी मासळी मोजू नये, आदल्या दोन दिवसांत खरेदी कमी करून ती संपवत आणावी. साकेच्या उघड्या बाटल्या दहाव्या भागांत मोजतात. पाश्चर न केलेली साके फार दिवस टिकत नाही, तेव्हा तिच्या तारखा दोघांनी मिळून वाचाव्यात. आणि ज्या वस्तू विकल्या जाणार नाहीत त्यांची यादी याच्या कितीतरी आधी, पहिल्या प्रस्तावालाच जोडलेली असावी. त्यात तुमचे यानागीबा आणि देबा सुरे पहिल्या ओळीत लिहा. ते स्वयंपाकघराच्या सामानात धरले जातात असे खरेदीदाराला अगदी प्रामाणिकपणे वाटू शकते. सहायकाचे सुरे त्याचे स्वतःचे आहेत, हेही त्याच यादीत त्याच्या नावासह नोंदवा. दारावरचा पडदा धंद्याबरोबर जातो की तुमच्या घरी येतो, हे पत्नीशी बोलून ठरवा आणि तेही लिहा.